सूर्यावरून येणारा वारा

शेंडेनक्षत्र उगवले की पूर्वी गावोगाव चिंता पसरे. राजाला अरिष्ट, रयतेला दुष्काळ, असे नाना अर्थ त्याच्या शेपटीतून काढले जात. ती शेपटी नेमकी कोणत्या दिशेला पसरली आहे, याकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष असे. चीनमधील प्राचीन ज्योतिर्विदांनी ती दिशा टिपून ठेविली होती, आणि १५३१ साली दिसलेल्या धूमकेतूच्या वेळी पेटर आपिआन या जर्मन पंडिताने तीच गोष्ट युरोपात चित्रे काढून दाखविली. धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूस असते. धूमकेतू सूर्याकडे धावत असताना ती मागे लोंबते, यात नवल नाही. पण सूर्याला वळसा घालून तो परत फिरला म्हणजे शेपटी पुढे आणि डोके मागे असा उफराटा प्रवास सुरू होतो. चालत्या माणसाचे उपरणे त्याच्या पुढे उडत राहावे, असा हा प्रकार आहे. हे केव्हा घडते? पाठीवर सोसाट्याचा वारा असेल तेव्हा.

पण सूर्य आणि धूमकेतू यांच्यामध्ये हवा नाही. मग वारा कसला? केप्लरला वाटले की, सूर्याचा प्रकाशच ती शेपटी ढकलीत असावा, आणि शेपटीतील धुळीपुरते ते खरेही ठरले. परंतु पुष्कळ धूमकेतूंना शेपट्या दोन असतात. एक धुळीची, रुंद आणि किंचित वाकलेली. दुसरी विद्युतभारित वायूची, निळसर आणि छडीसारखी सरळ. या दुसऱ्या शेपटीतील वायूचे पुंजके इतक्या जोराने मागे फेकले जातात की, ते काम प्रकाशाच्या दाबाचे नव्हे. १९५१ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथील लुडविग बिअरमान यांनी गणित करून सांगितले की, सूर्यापासून विद्युतभारित कणांचा ओघ सर्व दिशांना, अहोरात्र, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर पडत असला पाहिजे. सूर्याला रात्र नाही, तरी ‘अहोरात्र’ हा शब्द येथे चालवून घ्यावा. कारण सारे मर्म त्यातच आहे. सूर्यावर अधूनमधून स्फोट होतात आणि त्यांतून कण उसळतात, एवढे त्याआधीच अनेकांनी मान्य केले होते. कधीही न थांबणारा ओघ मात्र कोणाच्या हिशेबात बसत नव्हता.

या ओघाचे उगमस्थान पाहावयाचे तर खग्रास ग्रहणाची वेळ साधावी लागते. चंद्रबिंबाने सूर्य पुरता झाकला की त्याच्याभोवती मोतिया रंगाचे तेजोवलय दिसते. त्याला शास्त्रज्ञ किरीट म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या प्रसिद्ध ग्रहणाचा पट्टा आपल्याच भूमीवरून गेला होता. त्या दिवशी फ्रान्सचे जान्सेन गुंटूर येथे, तर विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीस दुर्बीण लावून बसला होता. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, हेलियमचा शोध विजयदुर्गाच्या तटावर लागला ही कोकणात मोठ्या प्रेमाने सांगितली जाणारी हकीकत तितकीशी बरोबर नाही. नॉर्मन लॉकयर विजयदुर्गास आले होते हे खरे, परंतु ते १८९८ च्या ग्रहणाला. हेलियमची पिवळी रेषा त्यांनी १८६८ मध्येच इंग्लंडात ओळखली होती. असो.

१८६९ च्या ग्रहणात किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा सापडली. ती कोणत्याच परिचित मूलद्रव्याची नव्हती, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, आणि ते सत्तर वर्षे पुस्तकांतून नांदले. पुढे जर्मनीचे ग्रोट्रियान आणि स्वीडनचे एडलेन यांनी कोडे सोडविले. कोरोनियम वगैरे काही नाही. ते साधे लोखंड आहे, मात्र त्याच्या अणूतील सव्वीसपैकी तेरा विजाणू गळून पडलेले आहेत. लोखंडाची अशी दशा होण्यास उष्णतामान दहा लाख अंशांच्या वर लागते. सूर्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेपाच हजार अंश, आणि त्याच्या सभोवतीचे विरळ वलय दहा लाखांच्या वर! चुलीपासून दूर सरकावे तसतसा चटका वाढत जावा, तसे हे झाले.

इतका तप्त वायू सूर्याच्या आकर्षणाने जागच्या जागी कसा राहतो, हा पुढचा प्रश्न. १९५७ साली सिडनी चॅपमन या मान्यवर गणितज्ञांनी उत्तर दिले की, किरीट स्थिर आहे, पण तो अतिशय दूरवर, पृथ्वीच्याही पलीकडे पसरलेला आहे. म्हणजे पृथ्वी सूर्याच्या वातावरणातूनच फिरत आहे. आता पंचाईत अशी झाली की, अवकाश चॅपमन यांच्या स्थिर वायूने भरलेला असेल तर त्यातून बिअरमान यांचा वेगवान ओघ वाहणार कोठून? दोन्ही गणिते तर वजनदार दिसत होती. शिकागो विद्यापीठातील यूजीन पार्कर या तीस वर्षांच्या अभ्यासकाच्या मनात आले की, या दोन वस्तू वेगळ्या नसाव्यात. किरीट स्थिर नाहीच. तोच वाहत आहे. सूर्याजवळ तो सावकाश वर सरकतो, दूर जाता जाता आकर्षण क्षीण होते, उष्णता त्याला मागून रेटीत राहते, आणि काही अंतरावर त्याची गती ध्वनीच्या गतीहून अधिक होऊन तो सुसाट सुटतो. चॅपमन यांचे गणित पार्करने तपासले, तेव्हा त्या स्थिर किरीटाचा दाब अनंत अंतरावरही शिल्लक उरतो असे दिसले. तो दाब अडवून धरण्याइतका विरोध तारकांमधील पोकळीत नाही. अडविणारे कोणी नसेल तर वायू बाहेर पडणारच.

पार्करने या ओघाला ‘सौर वात’ असे नाव दिले आणि आपला निबंध शिकागोहूनच निघणाऱ्या खगोलभौतिकीच्या नामांकित नियतकालिकाकडे धाडला. परीक्षक दोन होते, आणि दोघांनीही तो नाकारला. लेखकाने या विषयावर लिहिण्यापूर्वी ग्रंथालयात जाऊन थोडे वाचन करावे, अशा आशयाचा शेरा त्यांपैकी एकाने मारला होता, असे पार्कर उतारवयात हसत हसत सांगत असत. त्या नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना पटलेली नव्हती. परंतु त्यांनी पाहिले की, दोन्ही परीक्षकांनी नापसंती व्यक्त केली आहे, गणितातील चूक मात्र एकही दाखविलेली नाही. त्यांनी निबंध छापला. याच चंद्रशेखरांचे ताऱ्यांच्या अंतासंबंधीचे संशोधन १९३५ साली लंडनच्या सभेत एडिंग्टनसारख्या थोर माणसाने उपहासाने उडवून लावले होते. पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८३ मध्ये, ताऱ्यांवरील अशाच कामासाठी. स्वतःला न पटणारी गोष्ट केवळ ती चुकीची ठरत नाही म्हणून छापावयाची, याला मनाचा जो मोठेपणा लागतो तो विद्वत्तेबरोबर आपोआप येतोच असे नाही.

१९५८ च्या त्या निबंधात आणखी एक भाकीत होते, आणि ते अधिक सुंदर आहे. सूर्य हा मोठा लोहचुंबक आहे. १९०८ साली माउंट विल्सनच्या वेधशाळेत जॉर्ज हेल यांनी सूर्यावरील डागांत पृथ्वीच्या हजारो पट चुंबकीय क्षेत्र असल्याचे दाखविले होते. सौर वात विजेचा उत्तम वाहक असल्यामुळे हे चुंबकीय क्षेत्र त्यात जणू विणले गेलेले असते. वारा बाहेर पडला की क्षेत्रालाही आपल्याबरोबर ओढून नेतो. पण क्षेत्राचे दुसरे टोक सूर्यात रुतलेले, आणि सूर्य तर स्वतःभोवती फिरतो. पृथ्वीवरून पाहता त्याची फेरी सुमारे २७ दिवसांत होते. दिवाळीतले भुईचक्र डोळ्यांसमोर आणावे. त्यातील प्रत्येक ठिणगी सरळ बाहेर उडते, परंतु सगळ्या ठिणग्यांची मिळून आकृती पाहिली तर ती वळणदार दिसते. तसेच येथे घडते. वारा सरळ वाहतो, चुंबकीय रेषा मात्र चक्राकार वळतात, आणि पृथ्वीजवळ पोहोचेपर्यंत सूर्याच्या दिशेशी सुमारे ४५ अंशांचा कोन करतात, असे पार्करचे गणित सांगत होते.

छापून आले म्हणून वाद मिटला नाही. जोसेफ चेंबरलेन यांनी असे मांडले की, सूर्यापासून वायू निसटत असेल, पण अगदी मंद गतीने, सेकंदाला वीसएक किलोमीटर. हा वारा नव्हे, झुळूक आहे. सोसाट्याचा वारा की झुळूक, हा तंटा कागदावर मिटणारा नव्हता. पृथ्वीभोवती तिच्या स्वतःच्या चुंबकीय क्षेत्राचे कवच आहे आणि सौर वात त्याला वळसा घालून निघून जातो. त्यामुळे जमिनीवर कितीही मोठी वेधशाळा बांधली तरी त्याचा एक कणही हाती लागावयाचा नाही. कवचाबाहेर यंत्र धाडणे हाच एक उपाय होता.

सुदैवाने काळ अनुकूल होता. १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाच्या ल्युना यानांवर कॉन्स्तान्तिन ग्रिंगाउझ यांनी कण पकडणारे सापळे बसविले होते. त्यांत सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांची पहिली चाहूल लागली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या एक्स्प्लोरर-१० या उपग्रहाने तिला दुजोरा दिला, पण तो कवचाच्या सीमेवरच घुटमळत राहिला. निकाल लागला तो मरिनर-२ या यानाने. त्याचे जुळे भावंड मरिनर-१ हे २२ जुलै १९६२ रोजी उड्डाणानंतर भरकटले आणि त्याला आकाशातच नष्ट करावे लागले. पाच आठवड्यांनी, २७ ऑगस्टला, मरिनर-२ शुक्राच्या वाटेला लागले. त्यावरील सौर वाताचे यंत्र मार्शा न्यूगेबाउअर आणि कॉनवे स्नायडर या दोघांचे. कल्पना तशी साधी. धातूच्या दोन वक्र पट्ट्यांमध्ये विजेचा दाब ठेवावयाचा. त्या वाकड्या गल्लीतून नेमक्या एका ऊर्जेचेच कण भिंतींना न आपटता पार जातात. दाब पायरीपायरीने बदलीत गेले की कोणत्या वेगाचे कण किती, याचा तपशील मिळतो. दर पावणेचार मिनिटांनी असा एक तपशील पृथ्वीकडे येत राहिला, आणि सुमारे १०४ दिवसांत अशा कोणी चाळीस हजार नोंदी जमल्या. त्यांत असा एकही दिवस नव्हता की, वारा पडला आहे. वेग कधी तीनशे किलोमीटरांच्या घरात, कधी सातशेच्या वर. सरासरी सेकंदाला ५०० किलोमीटर. चेंबरलेन यांची झुळूक तेथेच संपली. पार्कर त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते.

हा वेग किती? मुंबई आणि पणजी यांमधील सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर भरते. मंद सौर वात ते एका सेकंदात ओलांडील. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत येतो; या वाऱ्याला चार दिवस लागतात. पण म्हणून तो एखाद्याची टोपी उडवील अशी भीती नको. आपल्याजवळ येईपर्यंत तो इतका विरळ होतो की, एका घन सेंटिमीटरमध्ये पाच-दहा कण असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत कणांची संख्या लिहावयाची तर वीस आकडे मांडावे लागतात. तरीही सूर्य या वाऱ्यावाटे दर सेकंदाला दहा लाख टनांहून अधिक द्रव्य उधळीत असतो. त्याच्या ऐश्वर्याच्या मानाने ही उधळपट्टी नगण्य आहे.

चुंबकीय क्षेत्राचे मोजमाप त्याहून नाजूक. पृथ्वीजवळच्या सौर वातातील क्षेत्र पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या काही हजारांश भागाइतकेच असते. यानातील एखादा लोखंडी खिळा किंवा तारेतून खेळणारी वीज एवढ्यानेही मापन बिघडावयाचे. म्हणून चुंबकमापक यंत्र यानाच्या पोटात न ठेवता लांब दांड्याच्या टोकाशी बसवितात. ही अडचण आपल्याकडे फार पूर्वी येऊन गेलेली आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेविल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने सुया थरथरतील म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागेस हलविला. १९०४ साली तेथे काम सुरू झाले; इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला गेला. नव्या-जुन्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून पुढे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली. यानाचा दांडा आणि अलिबागची वेधशाळा, दोहोंमागची युक्ती एकच.

अशा दांड्यावर यंत्र लावून नोव्हेंबर १९६३ मध्ये गेलेल्या इम्प-१ या उपग्रहाने पार्करचे दुसरे भाकीत पडताळून दिले. नॉर्मन नेस आणि जॉन विल्कॉक्स यांनी नोंदी मांडल्या, तेव्हा क्षेत्राची दिशा सरासरीने बरोबर त्या वळणावर आढळली. शिवाय एक अनपेक्षित गोष्ट दिसली. काही दिवस क्षेत्राचा रोख सूर्यापासून बाहेर, नंतर काही दिवस सूर्याकडे, पुन्हा बाहेर, पुन्हा आत, आणि २७ दिवसांनी हाच क्रम पुन्हा. सूर्याच्या उत्तरेकडील क्षेत्र एका दिशेचे, दक्षिणेकडील उलट दिशेचे, आणि दोहोंच्या मध्ये विजेच्या प्रवाहाचा एक विस्तीर्ण पातळ पडदा आहे. तो सपाट नाही, गिरकी घेणाऱ्या नर्तकीच्या घागऱ्याच्या घेरासारखा वरखाली झुलणारा आहे. सूर्य फिरतो तसा हा घेर पृथ्वीवरून सरकत जातो, आणि पृथ्वी कधी त्याच्या वर तर कधी खाली येते.

हे सारे दूरच्या आकाशातले आहे असे समजून स्वस्थ राहता येत नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढीत असता डागांच्या एका समूहावर त्यांना डोळे दिपविणारा प्रकाश दिसला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर भयंकर चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रांच्या तारांत वीज संचारली आणि काही कचेऱ्यांत ठिणग्या उडाल्या. त्या वेळी कुलाब्यास कर्मचारी हाताने नोंदी घेत होते. क्षेत्राची आडवी तीव्रता त्यांच्या डोळ्यांदेखत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळली. सामान्य मोठ्या वादळात ही घट शंभर-दोनशेची असते. त्या अनाम कारकुनांच्या वह्या जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, जगातील तज्ज्ञांनी पुन्हा उघडल्या आणि त्या वादळाचे मोजमाप त्यांवरून केले. पृथ्वीवर नोंदल्या गेलेल्या अशा वादळांत याची बरोबरी क्वचितच कोणी करील.

१३ मार्च १९८९ रोजी तुलनेने लहान वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात साठ लाख लोकांची वीज नऊ तास घालविली. १० मे २०२४ च्या वादळात ध्रुवप्रकाशाची लाली लडाखातील हानले येथील कॅमेऱ्यांनी टिपली. सूर्यावर उसळी आली की दरवेळी असे होत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ साली कारण दाखवून दिले. सौर वातातील क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल तर ते पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी जोडले जाते आणि कवचाचे दार उघडते. उत्तरेकडे असेल तर दार बहुधा बंद राहते. उसळी सूर्यावरून निघालेली दुर्बिणीतून दिसते. तिच्या पोटातील चुंबकीय क्षेत्राचा रोख मात्र ती अंगावर येऊन ठेपेपर्यंत कळत नाही. म्हणून पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर, जेथे दोहोंच्या आकर्षणाचा मेळ बसतो, तेथे पहारेकरी याने ठेवावी लागतात. ती घंटा वाजवितात तेव्हा वीजकेंद्रांच्या हाती जेमतेम तासाभराचा अवधी असतो, आणि वादळ वेगवान असेल तर तोही नाही.

एवढे होईतो सगळी याने ग्रह फिरतात त्याच पातळीत फिरत होती. म्हणजे कंबरेच्या उंचीवरून घर पाहून छपराविषयी बोलण्यासारखे ते होते. सूर्याच्या ध्रुवांवरून जावयाचे तर पृथ्वीचा सेकंदाला ३० किलोमीटरांचा मूळचा वेग मोडून वर चढावे लागते, आणि तसे अग्निबाण अजून कोणाजवळ नाहीत. युरोप आणि अमेरिका यांच्या ‘युलिसिस’ यानाने त्यावर आडवळणाचा उपाय काढला. सूर्याकडे जाण्यासाठी ते आधी उलट दिशेला, गुरूकडे गेले! ऑक्टोबर १९९० मध्ये निघून फेब्रुवारी १९९२ मध्ये त्याने गुरूला बगल दिली, आणि त्या महाग्रहाच्या आकर्षणाने त्याला ग्रहांच्या पातळीबाहेर भिरकावले. १९९४ मध्ये सूर्याचा दक्षिण भाग, १९९५ मध्ये उत्तर भाग त्याच्या खालून गेला. तेथे मंद वारा नव्हताच. सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाचा संथ, एकसारखा, जोरदार प्रवाह ध्रुवांकडील किरीटाच्या काळ्या विवरांतून वाहत होता. त्या विवरांची ओळख १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवरील दुर्बिणींनी पटविलीच होती. आपण ज्याला नेहमीचा सौर वात समजत होतो तो लहरी, मंद वारा सूर्याच्या मध्यपट्ट्यापुरताच होता. चुंबकीय क्षेत्रानेही चकित केले. लोहचुंबकाच्या टोकांशी क्षेत्र अधिक असते, म्हणून ध्रुवांवर ते जास्त सापडेल अशी अटकळ होती. प्रत्यक्षात ते सर्व अक्षांशांवर जवळजवळ सारखे पसरलेले निघाले. १९ वर्षे चालायचे कोणाच्या ध्यानीमनी नसताना हे यान जून २००९ पर्यंत चालले.

या वाऱ्याचा नमुना प्रत्यक्ष हाती घेण्याचेही दोन प्रयत्न झाले. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या पहिल्या दोघा अंतराळवीरांनी स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाने दिलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा काठीला टांगून ७७ मिनिटे सूर्यासमोर धरला, आणि गुंडाळून परत आणला. दुसरा प्रयत्न ‘जेनेसिस’ यानाचा. दोन वर्षांहून अधिक काळ कण गोळा करून ते सप्टेंबर २००४ मध्ये पृथ्वीवर परतले, तेव्हा गतिमापक चकत्या उलट्या बसविल्या गेल्यामुळे हवाई छत्री उघडलीच नाही आणि कुपी यूटाच्या वाळवंटात आपटून फुटली. चिखलातून वेचलेल्या तुकड्यांवरही शास्त्रज्ञांनी बहुतेक कामे पुरी केली, हे विशेष. आणि हा वारा शेवटी जातो कोठे? १९७७ साली निघालेली दोन्ही व्हॉयेजर याने तो थांबतो त्या वेशीपर्यंत जाऊन पोहोचली. पहिल्याने ती २५ ऑगस्ट २०१२ रोजी, दुसऱ्याने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी ओलांडली; सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे १२० पट दूर.

राहिला होता तो उगम. वारा कोठे निर्माण होतो आणि किरीट इतका तापतो कशाने, हे जवळ गेल्यावाचून कळणार नव्हते. जर्मनी आणि अमेरिका यांची ‘हेलिओस’ याने १९७६ मध्ये सूर्यापासून सव्वाचार-साडेचार कोटी किलोमीटरपर्यंत जाऊन आली होती. त्यापुढे जाण्यास बेचाळीस वर्षे लागली. १२ ऑगस्ट २०१८ रोजी फ्लोरिडाहून पार्कर हे यान निघाले. हयात माणसाचे नाव नासाने आपल्या यानाला प्रथमच दिले होते, आणि ज्यांचे नाव दिले ते यूजीन पार्कर, वय ९१, उड्डाण पाहावयास जातीने हजर होते. यानात त्यांचे छायाचित्र होते आणि दोन परीक्षकांनी नाकारलेल्या त्या निबंधाची प्रतही होती.

सूर्याकडे जाणे सोपे, नुसते पडायचे आहे, असे कोणास वाटेल. वस्तुतः ते सूर्यमालेबाहेर जाण्याहूनही कठीण आहे, कारण पृथ्वीचा आडवा वेग सुटता सुटत नाही. पार्कर यानाने तो शुक्राजवळून सात वेळा जाऊन थोडाथोडा टाकला. त्याच्या पुढे साडेअकरा सेंटिमीटर जाडीची कर्बाची ढाल आहे. तिची सूर्याकडील बाजू सुमारे १४०० अंशांपर्यंत तापण्यास समर्थ आहे. मागील सावलीत यंत्रे खोलीतल्यासारख्या उष्णतामानात काम करतात. दहा लाख अंशांच्या किरीटात ढाल वितळत नाही याचे कारण, तेथले कण अतितप्त असले तरी फार विरळ आहेत. भट्टीच्या तोंडाशी हात क्षणभर धरता येतो, उकळत्या पाण्यात घालता येत नाही. ढाल तापते ती मुख्यतः प्रकाशाने. विजेच्या तावदानांमागे पाणी खेळविले आहे. यान सावलीतून किंचित जरी बाहेर कलले तरी ते स्वतःच तोल सावरते. पृथ्वीवरून आज्ञा पोहोचेपर्यंत आठ मिनिटे थांबण्याची तेथे सोय नाही.

पहिल्याच फेरीत, नोव्हेंबर २०१८ मध्ये, चुंबकीय क्षेत्राने चमत्कार दाखविला. सुरळीत रेषांच्या जागी क्षेत्र वारंवार उलटत होते, लगाम खेचल्यासारखे मागे वळून पुन्हा सरळ होत होते. हे हेलकावे पूर्वीच्या यानांना तुरळक दिसले होते. येथे ते शेकड्यांनी होते. त्यांची मुळे किरीटातील विवरांच्या तळाशी, जेथे चुंबकीय रेषा तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात तेथे असावीत, असा तर्क नंतरच्या फेऱ्यांतून बळावला. मग २८ एप्रिल २०२१ रोजी, सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे १ कोटी ३० लाख किलोमीटरवर, यान एका अदृश्य सीमेच्या आत गेले. सीमेबाहेर वारा इतका वेगवान असतो की, चुंबकीय लहरींना त्याच्याविरुद्ध पोहून सूर्याकडे परतता येत नाही. आत त्या परतू शकतात. म्हणजे सीमेच्या आत जे आहे ते अजून सूर्याचेच आहे, तेथवर वारा पुरता सुटलेला नाही. ती सीमा गुळगुळीत नव्हती, खाचाखोचांची होती, आणि यान पाच तास आत राहिले. सूर्याच्या किरीटात मानवाची वस्तू प्रथमच शिरली. डिसेंबर २०२१ मध्ये ही वार्ता जाहीर झाली. पार्कर यांच्या कानांवर ती पडली. १५ मार्च २०२२ रोजी ते निवर्तले.

आपल्या देशाचे ‘आदित्य-एल१’ २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या १५ लाख किलोमीटरवरील जागी स्थिरावले. त्यावरील सात यंत्रांपैकी अतिनील किरणांत सूर्याची चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची. सौर वातातील कण मोजणारी यंत्रे अहमदाबाद आणि तिरुवनंतपुरम येथील. आणि चुंबकमापक, सहा मीटर लांबीच्या दांड्यावर, बंगळूरचा. दांड्याच्या टोकाशी एक आणि मध्यावर एक अशा दोन सुया आहेत, म्हणजे यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा दोष दोहोंच्या फरकावरून ओळखून वजा करता येतो. मूससाहेबांना ही योजना पसंत पडली असती.

२४ डिसेंबर २०२४ रोजी पार्कर यान सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर आले. सूर्य-पृथ्वी अंतर एक मीटर धरले तर हे चार सेंटिमीटर होतात. वेग सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर. मनुष्याने बनविलेली कोणतीही वस्तू इतकी वेगवान कधी गेली नव्हती. त्या वेळी यानाशी बोलणे शक्य नव्हते. दोन दिवस सर्वजण वाट पाहत राहिले. २६ तारखेला मेरीलँडमधील केंद्रात एक बारीक स्वर ऐकू आला : यान सुखरूप आहे. ८८ दिवसांनी, २२ मार्च २०२५ रोजी, ते पुन्हा तितकेच जवळ जाऊन आले, आणि १९ जूनला पुन्हा. किरीट तापतो तो चुंबकीय लहरींच्या खळबळीने, की पार्कर यांनीच १९८८ साली सुचविलेल्या असंख्य सूक्ष्म स्फोटांनी, यावर त्या नोंदी हातात घेऊन दोन्ही पक्ष अजून भांडत आहेत.